मागच्या कार्डाची साक्ष

नमनाला घडाभर तेल लागतं म्हणतात. मला दोन थेंब पुरतात, तेही चाकाच्या आसाला. ते आज सकाळीच मिळाले आहेत, म्हणून मी खुशीत आहे आणि बोलायला बसले आहे. बसले म्हणजे लटकले. तारेवर लटकणं हाच माझा जन्म. मित्रांनो, मी एक जुनी कार्डगाडी आहे.

तुम्ही मला पाहिलं नसेल, कारण नेमबाजीच्या रेंजवर आलेला माणूस बंदुकीकडे बघतो, भोकाकडे बघतो, गाडीकडे कोण बघतो? पण विचार करा. नेमबाज उभा इथे आणि कागदाचं कार्ड दहा मीटर पलीकडे. छर्रे सुटत असताना कार्ड लावायला पुढे जायचं कुणी? माणसाने ती रेघ ओलांडायची नाही, हा रेंजचा पहिला नियम. म्हणून मी जाते. नेमबाज त्याच्या टेबलाजवळचं चाक फिरवतो, तार सरकते आणि मी कार्ड घेऊन कुरकुरत निघते. तो नेम धरतो, छर्रे सोडतो, पुन्हा चाक फिरवतो आणि मी परत येते. जन्मभरात मी एकही वळण पाहिलेलं नाही. देवाने मला दोनच कामं दिली, जा आणि ये. जाताना कोरी जाते, येताना खरं तेच घेऊन येते. भोक मध्यभागी असो की कार्डाच्या कोपऱ्यात, मी ते लपवत नाही आणि वाढवूनही सांगत नाही. एवढं एक व्रत पाळलं, की दहा मीटरांचा जन्मसुद्धा पुरतो.

माझा जन्म लेथवर झाला. मला घडवणारा माणूस कारखान्यात टर्नर होता. आठवडाभर तो दुसऱ्यांसाठी लोखंड कातायचा आणि रविवारी या रेंजवर यायचा. सगळे त्याला टर्नरच म्हणत. माझी दोन चाकं त्याने उरलेल्या पितळातून कातली. सांगाडा लोखंडी पट्टीचा. पुढे दोन चिमटे, कार्ड धरायला. एवढ्यावर कोणतीही गाडी पुरी होते. पण त्याने चार बोटं मागे आणखी दोन चिमटे लावले.

“हे कशाला?” क्लबच्या चिटणिसांनी विचारलं होतं. चिटणीस म्हणजे शिस्तीचे पक्के. चष्मा दोरीने गळ्यात आणि नियम जिभेवर.

“मागे एक कोरं कार्ड लावायचं,” टर्नर म्हणाला. “पुढचं कार्ड सांगतं कुठे लागलं. मागचं सांगतं कुठून आलं.”

“कुठून येणार? समोरून!”

“समोरून आलं तर दोन्ही भोकं एका रेषेत. शेजारच्या लेनमधून आलं तर तिरकं येणार, मागचं भोक सरकणार. कुणी चुकून दुसऱ्याच्या कार्डावर मारलं तर भांडण नको.”

चिटणिसांनी मान हलवली. ती हो म्हणायची होती की नाही म्हणायची, ते मला अजून कळलेलं नाही. पण चिमटे राहिले.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले आणि मी सांगते, चांगले दिवस होते. माझ्यावरून किती कार्डं गेली याला गणती नाही. पहिल्यांदा कार्डाच्या मधल्या काळ्या चकतीत भोक पाहून उड्या मारणारे मी पाहिले, कार्ड चुरगाळून खिशात कोंबणारेही पाहिले. टर्नर स्वतः माझ्याच लेनमध्ये उभा राहायचा, भिंतीकडच्या शेवटच्या. त्याची कार्डं आणताना मला मिरवल्यासारखं वाटायचं. “गाडी कशी लोण्यासारखी चालते,” लोक म्हणायचे. टर्नर खिशातून तेलाची कुपी काढायचा, दोन थेंब द्यायचा आणि बोट पँटला पुसायचा.

पुढे मोटारीच्या गाड्या आल्या. बटण दाबलं की सूं करून जायच्या. एकेक करून माझ्या बहिणी उतरवल्या गेल्या आणि भंगारात निघाल्या. माझी लेन कडेची, तिथे वायर पोहोचेना, म्हणून मी वाचले. म्हणतात ना, गरजवंताला अक्कल नसते, तसं नशीबवंताला कारण लागत नाही. पण वाचणं वेगळं आणि विचारपूस होणं वेगळं. माझ्या मागच्या चिमट्यांत कार्ड लावायचं लोक विसरले. मोटारीच्या गाड्यांना तर मागचे चिमटेच नव्हते. माझ्यात कोळ्याने जाळं बांधलं. एकटा टर्नर तेवढा यायचा, जाळं पुसायचा, दोन्ही कार्डं लावायचा.

एका रविवारी तो आला नाही. त्यापुढच्या रविवारीही नाही. मग लोक हळू आवाजात बोलू लागले, तेव्हा मला समजलं. त्याची बंदूक त्याच्या कपाटात राहिली. हवेची बंदूक, जुनी, जड, लाकडी दस्त्याची. माझ्या चाकांचं तेल वाळलं.

इथपर्यंत झालं नमन. आता कथा ऐका.

एके दिवशी सकाळी दार जोरात उघडलं आणि एक बाई आत आली. पन्नाशीची, अंगाने भरलेली, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या, उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग. ती लाँड्रीत इस्त्री करायची. टर्नरची बायको.

“मी माझ्या सवतीला न्यायला आले,” ती म्हणाली.

चिटणिसांचा चष्मा नाकावरून घसरला. “कुणाला?”

“बंदुकीला. माझा नवरा दर रविवारी मला सोडून तिच्याकडे यायचा. सवत नाही तर काय? आता ते नाहीत. सवत असली तरी घरची आहे. बाहेर कशाला ठेवू?”

मागे कुणीतरी हसलं. ती रेंजवरची शिकवणारी होती. सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत, पण ही बाई तिच्याकडे वळून म्हणाली, “वन्सं, हसताय काय? तुमच्या भावाची वस्तू आहे.” कारण मास्तरीणबाई टर्नरची सख्खी बहीण होती.

“वहिनी, बंदूक दादाची नाही,” मास्तरीणबाई म्हणाली. “क्लबची आहे. दादा वापरायचा एवढंच.”

चिटणिसांनी घसा साफ केला. “नियम असा आहे. कपाट वापरणाऱ्याचं. वापरणारा गेला की त्याच्या घरातल्या माणसाला पहिली संधी. त्याने पुढची नवशिक्यांची परीक्षा पास व्हायची. नाही झाला, तर त्या परीक्षेत जो पास होईल त्याचा हक्क. कुणालाच नको असेल तर बंदूक सगळ्यांच्या वापरात जाईल. येईल तो हाताळेल.”

“म्हणजे माझ्या सवतीला तुम्ही गावभर फिरवणार?”

“नियम आहे, बाई.”

तिने भिंतीवरच्या कपाटाकडे पाहिलं. मग माझ्या लेनकडे पाहिलं. मला वाटलं ती आता रडेल किंवा भांडेल. ती म्हणाली, “परीक्षा कधी आहे?”

“वहिनी!” मास्तरीणबाई म्हणाली. “तुम्ही इतकी वर्षं त्या बंदुकीला शिव्या दिल्यात. कधी हातसुद्धा लावला नाही.”

“शिव्या देणाऱ्याचाही काही हक्क असतो की नाही? शिकवा मला.”

असं आमचं सुरू झालं. मास्तरीणबाईंनी शिकण्यापुरती तीच बंदूक कपाटातून काढून दिली. पहिल्या दिवशी मात्र एकही छर्रा दिला नाही.

“आधी ऐका,” ती म्हणाली. नवशिक्यासमोर तिचा आवाजच बदलतो, घरचं नातं दाराबाहेर राहतं. “नळीचं तोंड सदा समोरच्या भिंतीकडे. बोलताना, हसताना, शिंकतानासुद्धा. नेम पक्का होईपर्यंत बोट घोड्याच्या बाहेर. नळीत ही केशरी दोरी असेल तर बंदूक रिकामी, हे सगळ्यांना लांबून दिसतं. मी ‘थांबा’ म्हटलं की बंदूक खाली. का, कशाला विचारायचं नाही. आणि सगळ्यात मोठं, बंदूक रिकामी असली तरी भरलेलीच समजायची.”

“कळलं,” वहिनी म्हणाली. “आमच्या सासूबाईंच्या रागासारखं. नसला तरी आहेच समजून वागायचं.”

“ती माझी आई होती, वहिनी.”

“म्हणून तर तुम्हाला लगेच पटलं.”

मास्तरीणबाईंनी ओठ घट्ट मिटले, पण तिचे खांदे हलताना मला दिसले.

मग उभं कसं राहायचं ते आलं. डावी कूस लक्ष्याकडे. दोन पायांत खांद्यांइतकं अंतर. बंदुकीचं वजन दंडावर पेलायचं नाही, डावं कोपर बरगडीला टेकवून हाडांवर सोडायचं. “दंड थकतो. हाडं थकत नाहीत,” मास्तरीणबाई सांगत होती. आणि शेवटी, दस्त्याला गाल लावायचा.

वहिनीने गाल लावला आणि लगेच उचलला. लाकडाच्या त्या जागेवरचं रोगण झिजून गेलं होतं. तिथे लाकूड काचेसारखं झालं होतं.

“इथे गुळगुळीत आहे,” ती म्हणाली.

“दादाचा गाल,” मास्तरीणबाई म्हणाली.

वहिनीने त्या जागेवरून अंगठा फिरवला. “बघा म्हणजे. माझ्या वाट्याला दाढीचे खुंट आणि हिच्या वाट्याला हे!” ती हसली, बाहीने डोळे पुसले आणि पुन्हा गाल लावला. या वेळी उचलला नाही. मी दहा मीटरांवर होते, पण मला दिसलं. इतकी वर्षं त्या जागेकडून माझ्याकडे एकच डोळा बघायचा. आता दुसरा बघत होता.

पुढच्या रविवारी छर्रे मिळाले, पण कार्ड उलटं लावलेलं. कोरी बाजू समोर, चकती नाही, मध्य नाही.

“अहो, नेम कशावर धरू? पांढऱ्यावर?”

“पांढऱ्यावर. कुठे लागतं ते बघायचं नाही. सगळी भोकं एका जागी जमतात का, तेवढं बघायचं. एकदा ती जमली की ती जागा हलवणं माझं काम. बंदुकीवरच्या नेमाच्या खाचेचा स्क्रू पेचकसाने चार आटे फिरवला की झालं. पण विखुरलेली भोकं गोळा करणारा पेचकस अजून कुणी बनवलेला नाही.”

मित्रांनो, हे वाक्य मी कितीतरी नवशिक्यांसमोर ऐकलं आहे आणि दरवेळी मला ते देवळात ऐकल्यासारखं वाटतं. आधी एक व्हा, मग मध्यावर या. माणसं नेमकं उलटं करायला जातात. प्रत्येक छऱ्याला मध्याकडे ढकलतात आणि सगळीकडे विखुरतात.

वहिनीची पहिली कार्डं म्हणजे कोंबड्यांना दाणे टाकल्यासारखी. मी ती आणायचे, ती बघायची आणि म्हणायची, “गाडीबाई, तुम्हीसुद्धा जरा माणुसकी दाखवा.” मी काय दाखवणार? माझ्याकडे फक्त खरं होतं.

तिची एक खोड होती. छर्रा सुटला रे सुटला की ती मान वर करायची.

“दूध उतू गेलंय का बघताय?” मास्तरीणबाई ओरडायची. “छर्रा सुटला म्हणजे तुमचं काम संपलं नाही. तो गेला तरी नजर तिथेच. गाल तिथेच. मग श्वास.” मग एकदा तिने विचारलं, “वहिनी, शर्टाच्या कॉलरच्या टोकावर इस्त्री फिरवताना तुमचा श्वास कुठे असतो?”

वहिनीने हवेत हात फिरवून पाहिला, जणू हातात इस्त्रीच होती. “अर्धा सोडलेला. उरलेला थांबलेला.”

“तोच इथे. आणि घोडा ओढायचा नाही. इस्त्री टोकावर टेकवता तसा दाबत जायचा. कधी सुटला ते तुम्हालाही आधी कळता कामा नये.”

त्या दिवशी मी जे कार्ड आणलं, त्यावर भोकं अजून लांबच होती, पण कुटुंबासारखी होती. एका भिंतीला टेकून बसलेली. मास्तरीणबाईंनी पेचकस काढला आणि ती गुणगुणायला लागली.

मागच्या चिमट्यांचं वहिनीला कुणी फार समजावलं नाही. तिने स्वतःच विचारलं, स्वतःच ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून मागचं कार्ड लावल्याशिवाय चाकाला हात लावला नाही. शेजारच्या लेनमध्ये दातांचे एक डॉक्टर शिकत होते. माणूस मोठा गोड, पण डावखुरा. उजव्या हाताचा नेमबाज उजवीकडे तोंड करून उभा राहतो, डावखुरा डावीकडे. डॉक्टर वहिनीच्या उजव्या हाताला, त्यामुळे दोघं सदा समोरासमोर. जणू भांडायलाच उभे.

“बाई, मागचं कार्ड कुणाला दाखवायचंय?” डॉक्टर म्हणाले.

“डॉक्टर, दाढेमागची कीड कुणाला दाखवायची असते?”

डॉक्टर हसले. “मागची बाजू तेवढीच महत्त्वाची, कबूल.”

“शर्टाची पाठ बिघडली की छातीसुद्धा नीट बसत नाही. आमच्याकडे पहिल्यांदा पाठ करतात.”

डॉक्टरांच्या मोटारीच्या गाडीला मागचे चिमटे नव्हते. त्यांनी बटण दाबलं आणि त्यांची गाडी सूं करून गेली. मी कुरकुरत गेले.

परीक्षेचा दिवस आला. नियम सोपा. प्रत्येकाला वाटीत मोजून दहा छर्रे. दहाच्या दहा भोकं काळ्या चकतीत हवीत, एकही पांढऱ्यात नको. त्या दिवशी दोघंच बसले होते, वहिनी आणि डॉक्टर, शेजारशेजारच्या लेनमध्ये, एकाच वेळी. चिटणीस खुर्चीवर. मास्तरीणबाईला परीक्षेत बोलायची मनाई, म्हणून ती भिंतीला पाठ लावून हाताची घडी घालून उभी.

वहिनीने मागचं कार्ड लावलं, पुढचं लावलं, चाक फिरवलं. मी जागेवर पोहोचले आणि स्थिर झाले.

पहिले छर्रे सरळ आले. ठक, ठक. दोन्ही कार्डांतून आरपार. सरळ छऱ्याची मला सवय आहे, तो पाहुण्यासारखा दारातून येतो. मधेच एकदा ती फार वेळ थांबली. नेम डगमगला तर बंदूक खाली घ्यायची, श्वास घ्यायचा, पुन्हा उचलायची, हे मास्तरीणबाईंनी तिला कितीदा घोकवून घेतलं होतं. तिने खाली घेतली नाही. नळीचं टोक हललेलं मला दिसलं. छर्रा आला. मग पुढचे पुन्हा सरळ, शांत. आणि त्यांच्यामध्ये कधीतरी एक छर्रा वेगळाच आला. बाजूने, तिरका. माझ्या मागच्या कार्डाला हिसका देऊन गेला. मी हलले. मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडले असते. पण माझं तोंड म्हणजे ही दोन कार्डं. ती कुणी वाचली तरच मी बोलते.

मी परत आले. चिटणिसांनी कार्ड उचललं आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

“अकरा.”

“काय अकरा?” वहिनी म्हणाली.

“भोकं. दहा काळ्यात. एक बाहेर, पांढऱ्यात.” त्यांनी वाटी पाहिली, रिकामी. छर्रे त्यांनीच मोजून दिले होते. ते शेजारच्या लेनकडे वळले. डॉक्टरांच्या कार्डावर नऊ भोकं. नऊही काळ्यात.

डॉक्टरांचा चेहरा लालबुंद झाला. “अरे देवा. मी बाईंच्या कार्डावर मारलं की काय?” त्यांनी कपाळाला हात लावला. “बंदूक उचलली आणि समोर जी चकती दिसली तिच्यावर… आणि तीही धड लागली नाही. ते पांढऱ्यातलं माझंच. बाई, माफ करा. त्यांची दहा आत आहेत, चिटणीस. मी नापास, त्या पास.”

सगळ्यांना बरं वाटलं. चिटणिसांच्या कपाळावरची आठीसुद्धा गेली. किती नीट जमत होतं! दहा भोकं गुण्यागोविंदाने एकत्र, एक भटकलेलं. भटकलेलं शेजाऱ्याचं, हे कुणीही म्हणेल. मास्तरीणबाईंनी घडी सोडली, ती पुढे आली. चिटणिसांनी कपाटाची किल्ली खिशातून काढली. वहिनीने हात पुढे केला.

मग तिने हात मागे घेतला.

“मागचं कार्ड बघायचं राहिलं,” ती म्हणाली.

“त्याची काय गरज आहे?” चिटणीस म्हणाले. “डॉक्टर स्वतः सांगताहेत.”

“डॉक्टरांना माहीत नाही. ते कबूल करताहेत, पण त्यांना माहीत नाही. माझा एक नेम थरथरला होता. तो कुठे गेला ते मला बघायचंय.”

“वहिनी,” मास्तरीणबाई हळूच म्हणाली. परीक्षेत बोलायची मनाई ती विसरली. “किल्ली समोर आहे.”

“वन्सं, तुमच्या दादांनी ते चिमटे उगाच नाही लावले. त्यांची बंदूक घ्यायची आणि त्यांचं म्हणणं टाकायचं?”

चिटणिसांनी माझ्या मागच्या चिमट्यांतून कार्ड काढलं. कडेला कड जुळवून पुढच्या कार्डामागे धरलं आणि दोन्ही मिळून खिडकीच्या उजेडात वर केली.

दहा भोकांतून उजेड आला. एक भोक अंधारं राहिलं. त्याच्या मागचं छिद्र करंगळीच्या नखाइतकं डावीकडे सरकलेलं होतं.

अंधारं भोक काळ्या चकतीच्या बरोबर मध्यावर होतं. आणि पांढऱ्यातलं, भटकलेलं, ते लख्ख उजळलं होतं.

चिटणिसांनी डॉक्टरांकडे पाहिलं. ते म्हणाले, “डॉक्टर, तुमचा नेम उत्तम आहे. घर तेवढं चुकलं.” त्यांनी गळ्यातली दोरी नीट केली. “पण आमच्या नियमात घर चुकल्याची ताकीद आहे, शिक्षा नाही. ताकीद दिली. दहाही काळ्यात. तुम्ही पास.” मग त्यांचा आवाज उतरला. “बाई, तुमचं एक बाहेर.”

“दिसतंय मला,” वहिनी म्हणाली. ती बाकावर बसली. मास्तरीणबाई तिच्याजवळ बसली आणि तिने वहिनीचा हात घेतला. तोच, डाग असलेला. वहिनी रडली नाही. ती त्या उजळलेल्या भोकाकडे बघत होती, लाँड्रीत डाग राहिलेल्या कपड्याकडे बघतात तसं. “बंदूक खाली घ्यायला हवी होती,” ती म्हणाली. “कळत होतं. वाटलं, आता एवढा वेळ धरलीच आहे तर मारून टाकू.”

“सगळ्यांचं तिथेच चुकतं,” मास्तरीणबाई म्हणाली.

“पुढची परीक्षा कधी?”

“सहा महिन्यांनी.”

“देईन. पण तोवर हिचं काय?”

चिटणीस नियमाचे पक्के. त्यांना सांगताना त्रास होत होता, पण त्यांनी सांगितलं. “आता हक्क डॉक्टरांचा. पण ते डावखुरे, हा दस्ता उजव्या हाताचा. त्यांच्या काही उपयोगाची नाही. म्हणजे मग सगळ्यांच्या वापरात…”

“कोण म्हणतं उपयोगाची नाही?” डॉक्टर म्हणाले. “लिहा माझं नाव.”

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

“डावखुऱ्या माणसाला उजवी बंदूक कशाला हो?” वहिनीने विचारलं.

“कपाटात ठेवायला. हौस असते एकेकाची.” त्यांनी चिटणिसांकडून किल्ली घेतली. “फक्त एक अडचण आहे. माझ्याकडून किल्ल्या फार हरवतात. बायको रोज ओरडते. बाई, ही तुमच्याकडे राहू दे. आणि बंदुकीला गंज चढू नये म्हणून दर रविवारी तुम्ही ती वापरलीत तर माझ्यावर उपकार होतील.”

“चिटणीस, नियमात बसतं का हे?” मास्तरीणबाईंनी विचारलं.

चिटणिसांनी चष्मा काढला, खिशात ठेवला आणि म्हणाले, “मला चष्म्याशिवाय नियम दिसत नाहीत.”

वहिनीने किल्ली घेतली आणि मुठीत धरली. “घ्या,” ती म्हणाली. “सवतीला एवढं डॉक्टरचं स्थळ मिळालं, आणि नवरा तिला नांदवायला पुन्हा माझ्याच घरी पाठवतोय!” मग मात्र ती हसता हसता रडली आणि रेंजभर तिच्या हसण्याचा आवाज भरून राहिला.

पुढचं थोडक्यात सांगते. सहा महिने ती एकही रविवार चुकली नाही. नेम डगमगला की बंदूक खाली, श्वास, पुन्हा वर. कधी कधी एका छऱ्यासाठी तीनदा खाली. लोक ताटकळायचे, ती ताटकळवायची. परीक्षेच्या दिवशी मी तिचं कार्ड घेऊन परत आले, तेव्हा त्यावर दहाच भोकं होती आणि दहाही काळ्यात, शेजारी शेजारी. चिटणीस निकाल सांगणार, तोच तिने हाताने थांबवलं. दोन्ही कार्डं जुळवली आणि खिडकीकडे धरली. दहा दिवे लागले. मग म्हणाली, “हं. आता सांगा.”

डॉक्टरांनी हक्क सोडला आणि कपाटावर तिचं नाव लागलं. डॉक्टरांनी आपल्या संग्रहातली एकुलती एक बंदूक गेल्याबद्दल सगळ्यांना लिंबाचं सरबत पाजलं.

आणि माझं? मला भंगारात काढायचं ठरत होतं, ते राहिलं. उलट सगळ्या मोटारीच्या गाड्यांना चार बोटं मागे दोन दोन चिमटे बसले. रेंजवर त्यांना ‘टर्नरचे चिमटे’ म्हणतात. बटणाच्या गाड्या आता माझ्याकडे जरा आदराने बघतात. माझी कुरकुर मात्र त्यांना येत नाही. ती पितळाची खासियत आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात, कामावर एखादी जुनी वस्तू असेल. ती हळू चालत असेल, आवाज करत असेल. टाकण्याआधी तिच्याकडे मागून एकदा बघा. घडवणाऱ्याने तिथे काय लावून ठेवलंय आणि का, ते विचारा. आणि तिला दोन थेंब तेल द्या. फार नको.

आज सकाळी मला ते मिळालं. टर्नरचीच कुपी. हात डागाचा. तिच्या शेजारी एक नवी बाई उभी आहे, बोट घोड्याच्या बाहेर आहे. चांगली सुरुवात आहे. नव्या बाईने पुढचं कार्ड लावलं आणि घाईने चाकाला हात घातला.

“थांबा,” वहिनी म्हणाली. “आधी पाठ.”

नवीने मागचं कार्ड लावलं. चाक फिरलं. मी निघाले.